जुन्या जीएमसी मोटरहोमला ब्रेक ऑइल कोणतं घालायचं?

गॅरेजमध्ये सगळे ‘ब्रेक ऑइल’च म्हणतात आणि इथेही तोच शब्द वापरतोय. पण ते तेल नव्हे, हे आधी पक्कं डोक्यात ठेवा. डॉट म्हणजे अमेरिकी परिवहन खात्याने ठरवलेली ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची द्रव्यं आहेत आणि ती पाण्यात सहज मिसळतात. खरं तेल, मग ते इंजिनचं असो, गिअरबॉक्सचं असो की पॉवर स्टिअरिंगचं, थोडंसं जरी ब्रेकमध्ये गेलं तरी आतलं सगळं रबर फुगतं.

जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात बनवलेल्या जीएमसी मोटरहोमला, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या या सहा चाकी गाडीला, पुढे डिस्क ब्रेक आहेत आणि मागच्या चारही चाकांना ड्रम. सामानसुमान, पाणी, माणसं धरून गाडी पाच टनांच्या आसपास जाते. कंपनीने त्या काळी डॉट ३ सांगितलं होतं. आज घालायचं असेल तर डॉट ४ घाला आणि दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, गाडी एक किलोमीटरही चालली नसली तरी.

ही मुदत किलोमीटरवर धरून चालत नाही. ग्लायकॉल हवेतला ओलावा शोषतं. रबरी होजमधून (नळीतून), ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातून ओलावा हळूहळू आत येत राहतो. रोज चालणाऱ्या गाडीत हे जसं होतं, तसंच शेडमध्ये दहा महिने उभ्या असलेल्या गाडीतही होतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की ते १४० अंशांपर्यंत उकळलं नाही तरी मानकानुसार पास. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. त्या पंधरा अंशांसाठीच डॉट ४ घ्यायचं. ते डॉट ३ मध्ये मिसळतं, त्यामुळे रबर बदलावं लागत नाही.

हे अंश कुठे कामाला येतात? कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत रस्ता सुमारे सातशे मीटर खाली येतो. पाच टनांची गाडी तेवढी उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात शंभर लिटर गार पाणी उकळीला येईल. गिअर खाली टाकून इंजिनने गाडी रोखली नाही, तर त्यातला मोठा वाटा ब्रेकमध्ये जातो. कॅलिपरमधलं (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागातलं) ओलं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोचवत नाही, आणि पॅडल थेट फरशीला लागतं. उतार संपवून गाडी थांबवल्यावरही डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये चढत राहते. म्हणून पाच मिनिटांच्या थांब्यानंतर पहिलंच पॅडल रिकामं जाऊ शकतं.

मग २६० अंशांचं सिलिकॉन, म्हणजे जांभळं डॉट ५ का नको? ते पाणी शोषत नाही, गाडीचा रंगही खात नाही. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात वाहनांसाठी तेच घेतलं, कारण ती वाहनं वर्षानुवर्षं साठ्यात उभी असतात. तरी मोटरहोमला आम्ही ते सुचवत नाही. पाणी त्यात विरघळत नसल्यामुळे जो थेंब आत जातो तो थेट कॅलिपरच्या आणि व्हील सिलिंडरच्या (ड्रम ब्रेक दाबणाऱ्या चाकातल्या सिलिंडरच्या) तळाशी बसतो. तिथे तो लोखंड खातो आणि शंभर अंशांच्या आसपास उकळतो. सिलिकॉन हवाही जास्त धरून ठेवतं, त्यामुळे पॅडल लिबलिबीत लागतं. आणि ग्लायकॉलमध्ये ते मिसळत नाही, म्हणजे बदल करायचा तर आख्खी यंत्रणा सुकवून सगळं रबर नवं घालावं लागतं. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलच आहे. चालेल, पण त्याचा पातळपणा एबीएसवाल्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाड्यांच्या कामाचा, या गाडीत त्यासाठी जादा पैसे घालू नका. डबा घेताना ५ आणि ५.१ मधला तो एक टिंब नीट वाचा.

गाडी नुकतीच विकत घेतली असेल तर आधी आत काय आहे ते बघा. काचेच्या छोट्या बाटलीत टाकीतलं थोडं ऑइल आणि तेवढंच पाणी घालून हलवा. मिसळलं तर ग्लायकॉल, दोन थर झाले तर सिलिकॉन किंवा तेल. मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या, टाकी जोडलेल्या मुख्य सिलिंडरच्या) झाकणाखाली घड्यांचं रबरी डायफ्राम असतं, तेही काढून हातात घ्या. ते वेडंवाकडं फुगलं असेल आणि परत आपल्या खाचेत बसत नसेल, तर कोणीतरी तेल घातलंय. अशा वेळी नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, होज, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलायचं आणि लोखंडी पाईप स्पिरिटने धुऊन हवेने सुकवायचे.

बदलताना दोन लिटर हाताशी ठेवा, पण सीलबंद अर्ध्या लिटरच्या डब्यांत. उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. आधी पिचकारीने टाकीतलं जुनं ऑइल ओढून घ्या, तळाचा गाळ फडक्याने पुसा, नवं भरा. मग सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या शेवटच्या चाकापासून सुरुवात करून पुढे या. पाईपमध्ये मीटरला आठ ते वीस मिलीलिटरच मावतं, त्यामुळे लांबच्या पहिल्या चाकाला दोनशे-अडीचशे मिलीलिटर आणि बाकीच्यांना शंभर-दीडशे बहुधा पुरतं. तरी निपलमधून (चाकामागच्या, जुनं ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूमधून) स्वच्छ रंग दिसेपर्यंत काढत राहा आणि मध्येच टाकी रिकामी होऊ देऊ नका.

घाईत हमखास होणारी चूक अशी, की जोडीदार जोरात पंप मारतो आणि पॅडल फरशीपर्यंत नेतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन तिथवर जातच नाही, त्यामुळे जुन्या सिलिंडरचा तो भाग गंजून खरखरीत झालेला असतो. रबरी कप त्यावरून घासला की त्याची कड फाटते, आणि काल चांगला असलेला सिलिंडर आज गळायला लागतो. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, शेवटचा काही भाग दबूच देऊ नका.

निपल सुटत नसेल तर जोर लावू नका, तुटतो. गंज सोडवणारं द्रव रात्रभर मुरू द्या आणि सहा पैलूंचा पाना वापरा. मागच्या चाकांच्या सिलिंडरचं धूळ-रबर थोडं उचलून बघा. नुसता ओलसरपणा चालतो, थेंब आला तर सिलिंडर बदला. एखादं चाक ब्रेक सोडल्यावरही गरम राहत असेल तर त्या चाकाचा रबरी होज आतून फुगून अडलाय का ते आधी तपासा.

सांडलेलं ऑइल लगेच भरपूर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो. झाल्यावर इंजिन बंद ठेवून पॅडल मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली गेलं तर बाहेरची गळती शोधा. ती कुठेच नसेल तर मास्टर सिलिंडरचे कप गेलेत. टाकीच्या झाकणावर बदलल्याचा महिना आणि साल लिहिलेली पट्टी चिकटवा, आणि आठवड्याने सहाही चाकांच्या मागे पुन्हा एकदा हात फिरवून बघा.