चेहऱ्यावरचा उजेड आधी

मी नाटक, नृत्य आणि गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न आयएसओचा, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता किती ठेवायची याचा, विचारतात, कारण अंधाराची धास्ती सगळ्यांनाच असते. पण आताचे सेन्सर ३२००, ६४०० आयएसओ सहज पेलतात आणि सावलीत थोडे दाणे दिसले म्हणून फोटो वाया जात नाही. तो वाया जातो वेगळ्याच कारणाने. एकाच चेहऱ्यावर एकाच क्षणी तीन जातींचा उजेड पडलेला असतो, आणि त्यातल्या कुणाचं ऐकायचं हे आपण ठरवलेलं नसतं.

मी ठरवते ते असं: चेहऱ्यावरचा मुख्य उजेड कोणता ते शोधायचं, कॅमेऱ्याचा रंग, म्हणजे व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते), त्याच्या हिशेबाने लावायचा आणि बाकीच्या दिव्यांना त्यांच्या रंगात राहू द्यायचं. ऐकायला सोपं आहे. चालू प्रयोगात, अंधारात, प्रकाश क्षणाक्षणाला बदलत असताना ते तितकं सोपं राहत नाही.

समोरून येणारा हॅलोजन पूर्ण ताकदीने लावला की साधारण ३२०० केल्विनचा असतो. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड तांबूस, जास्त तितका निळसर. फॉलो स्पॉट, म्हणजे नटासोबत फिरवला जाणारा झोत, डिस्चार्ज दिव्याचा असेल तर ५६०० च्या आसपास किंवा त्याच्याही वर. त्यात मागून आणि बाजूने एलईडी. ते नुसते निळे किंवा किरमिजी लावलेले असले तर त्यांचा रंग केल्विनमध्ये सांगताच येत नाही. आणि या सगळ्यावर डिमर, म्हणजे दिवा कमी-जास्त करायची सोय. हॅलोजन डिमरवर खाली आणला की उजेड कमी होतो, तसा तो तांबूसही होत जातो. ३२०० वरून २५०० वर आला तर सातशेचाच फरक, असं वाटतं. पण केल्विनचा आकडा इथे फसवतो. दहा लाखाला केल्विनने भागलं की मायरेड मिळतो, आणि डोळ्याला जाणवणारा फरक त्या आकड्यात नीट कळतो. ३२०० केल्विन म्हणजे ३१२ मायरेड, २५०० म्हणजे ४००, ५६०० म्हणजे १७९. याचा अर्थ, नुसत्या डिमरने दिवा जेवढा सरकला ते अंतर हॅलोजनपासून दिवसाच्या उजेडापर्यंतच्या अंतराच्या जवळपास दोन तृतीयांश आहे. एकाच प्रवेशात, एकाच दिव्याकडून.

म्हणूनच ऑटो व्हाइट बॅलन्स मी रंगमंचावर कधीच लावत नाही. मागच्या पडद्यावर निळा आला की कॅमेरा चेहरा पिवळा करतो, पडदा लाल झाला की तोच चेहरा हिरवट. नट जागचा हललेला नसतो, त्याच्यावरचा दिवाही तोच असतो, तरी सलग दोन फोटोंत दोन वेगळी माणसं दिसतात. मी एक आकडा पक्का करते, बहुतेक वेळा ३२०० ते ४००० च्या मध्ये, आणि प्रयोग संपेपर्यंत तोच ठेवते. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, असल्यावर रंग नंतर बदलता येतो, हे खरं. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारं चित्र स्थिर असलं तरच दिवा कधी बदलला हे मला काढता काढता कळतं.

मुख्य उजेड शोधायचा म्हणजे काय करायचं, ते एका प्रसंगावरून सांगते. नटी खुर्चीत बसून स्वगत बोलते आहे. तिच्या डावीकडून अंबर जिलेटीन, म्हणजे पिवळट-नारिंगी पारदर्शक कागद, लावलेला हॅलोजन, उजवीकडून थोडा मागून निळा एलईडी. लांब लेन्समधून बघितलं की डावा गाल मधासारखा दिसतो, उजवा गाल आणि कान निळा. दोन्ही उजेड भेटतात ती रेघ कपाळाच्या मध्यावरून नाकाच्या कण्यावर उतरते आणि वरच्या ओठाशी संपते. ती मान वळवते तशी रेघ सरकते. ती किंचित उजवीकडे वळली की डोळ्यापर्यंत निळं येतं, डावीकडे वळली की निळा फक्त केसांच्या कडेला उरतो. अशा वेळी दोन्ही रंगांच्या मधला आकडा निवडायचा मोह होतो. तो आवरावा. मधल्या आकड्याने डावा गाल जास्तच नारिंगी होतो, उजवा थंडच राहतो, आणि चेहऱ्याचा एकही भाग खरा वाटत नाही. मी डाव्या गालाच्या हिशेबाने व्हाइट बॅलन्स लावते. निळा त्यामुळे आणखी गडद होतो, होऊ द्यावा. अंबरही पूर्ण काढून टाकत नाही, निम्मा ठेवते. प्रकाशयोजनाकाराने तो विचार करून लावलेला आहे. त्या स्वगतातली संध्याकाळ त्या जिलेटीनमध्ये आहे. कातडी पांढऱ्या कागदासारखी निर्विकार करून टाकणं म्हणजे त्याचं अर्धं काम पुसून टाकणं.

इथे प्रेक्षकाच्या डोळ्याचा विचार केलाच पाहिजे. सभागृहात बसलेल्या माणसाची नजर काही मिनिटांत त्या उजेडाला सरावते. त्याला अंबर दिसतो, पण अंबरमधला चेहरा चेहराच वाटतो. कॅमेऱ्याला असं सरावणं नाही. त्यामुळे कॅमेऱ्याने जसंच्या तसं टिपलेलं चित्र प्रेक्षकाने पाहिलेल्यापेक्षा जास्त भडक असतं, आणि रंग पूर्ण काढून टाकलेलं चित्र त्याने कधी पाहिलेलंच नसतं. या दोहोंमध्ये कुठेतरी त्याला आठवणारं नाटक असतं. ती जागा शोधण्यात मला खरा आनंद मिळतो.

आता एलईडीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फोटो तिथेच हातचे जातात. नुसत्या निळ्या एलईडीत लाल आणि हिरव्याचा अंश जवळजवळ नसतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लाल आणि पाव निळ्यासाठी असतात. म्हणजे निळ्या उजेडातल्या चेहऱ्याची जवळपास सगळी माहिती पाव पिक्सेलवर येते. उरलेल्यांना दिसतो जवळजवळ अंधार. फोटो मऊ, दाणेदार का आला, फोकस का चुकला, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. वर गंमत अशी की लाइट मीटर आणि साधा हिस्टोग्राम (फोटोचा किती भाग किती उजळ ते दाखवणारा आलेख) मुख्यतः हिरव्याच्या भरवशावर चालतात. ते म्हणतात उजेड कमी आहे. आपण एक्स्पोजर वाढवतो. आणि निळी वाहिनी, म्हणजे निळ्या पिक्सेलची नोंद, भरून सांडते. मग गालाचं हाड, हनुवटीची कड, सगळं एकसपाट निळा डाग होऊन बसतं. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण ते टिपलंच गेलेलं नसतं.

म्हणून लाल, हिरव्या, निळ्याचे हिस्टोग्राम वेगवेगळे दाखवायची सोय मी कायम चालू ठेवते. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून, म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेल्या चित्रावरून, बनतो, तेव्हा पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवून सॅच्युरेशन कमी केलं की तो रॉच्या जरा जवळ जातो. एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल, आणि गडद रंगाचा दिवा आला की पाऊण ते एक स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). मीटर बोंबलू दे.

लाल आणि निळ्यात चेहरा कसा वेगळा वागतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. नुसत्या लाल उजेडात कातडी गुळगुळीत, फिकट दिसते; लाल लिपस्टिक लावलेले ओठ चेहऱ्यात विरघळून जातात, गालावरची लालीही नाहीशी होते. निळ्यात उलट. ओठ काळे पडतात, प्रत्येक डाग, प्रत्येक सुरकुती वर येते, डोळ्यांखाली खड्डे पडतात. तरुण नटी निळ्यात थकलेली दिसते आणि म्हातारा नट लालमध्ये दहा वर्षांनी लहान. पोर्ट्रेट हवं असेल तर मी निळ्या क्षणांत चेहऱ्याच्या फार जवळ जात नाही. तिथे मी पूर्ण देह, हातांची मुद्रा, पाठमोरी आकृती घेते आणि चेहऱ्यासाठी हॅलोजन परत यायची वाट बघते. तरीही निळ्यातलाच क्षण मोलाचा निघाला तर फोटो कृष्णधवल करते, तोही फक्त निळ्या वाहिनीतून. बाकीच्या दोन वाहिन्यांत दाण्यांखेरीज फारसं काही नसतं, त्या मिसळल्या की चित्र गढूळ होतं.

शटरचंही एक प्रकरण आहे. एलईडी मंद करताना बहुतेक दिव्यांत तो खरोखर मंद होत नाही, फार वेगाने चालू-बंद होतो, आणि बंद राहण्याचा काळ वाढत जातो. डोळ्याला कळत नाही. पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फोटोत आडवे काळे पट्टे येतात. दिवा जितका मंद तितके पट्टे ठळक, म्हणजे नेमके हळव्या, शांत प्रवेशांत. इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही म्हणून नाटकाला तेच लावावंसं वाटतं, पण साध्या सेन्सरला पूर्ण चौकट वाचायला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागू शकतो आणि पट्टे तिथे सर्रास येतात. मेकॅनिकल शटरला ते बरेच कमी येतात. मी आधी रंगीत तालमीत दोन्हींनी काढून बघते. शटर १/१०० किंवा १/१२५ इतकं संथ ठेवलं की प्रत्येक ओळीत दिव्याच्या बऱ्याच उघडझापी मावतात आणि पट्टे विरतात. नाटकाला ते चालतं, कारण बोलणारा नट वाक्याच्या शेवटी क्षणभर थांबतो. तो थांबा ऐकूनच बटण दाबायचं. नृत्याला १/५०० च्या खाली हात धूसर होतात, तिथे तडजोड नाही. काही नव्या कॅमेऱ्यांत शटरचा वेग दशांशात सरकवता येतो. दिव्याच्या वारंवारतेशी तो जुळवला की पट्टे जातात. नेहमीची अँटी-फ्लिकर सोय मात्र विजेच्या १०० किंवा १२० हर्ट्झच्या लुकलुकीसाठी असते, एलईडीपुढे तिचा उपयोग नाही.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडतो तो प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाशी बोलल्याने. रंगीत तालमीच्या दिवशी मी त्याच्या डेस्कमागे जाऊन बसते. कुठल्या प्रवेशात समोरचा दिवा किती टक्क्यांवर आहे, रंग कधी बदलतो, ब्लॅकआउट कुठे, हे लिहून घेते. नुसत्या निळ्या प्रवेशात समोरून थोडा, अगदी दहा टक्के, कोमट पांढरा देता येईल का, असं विचारते. प्रेक्षकाला तो वेगळा जाणवतही नाही, पण कॅमेऱ्याच्या लाल आणि हिरव्या पिक्सेलना काहीतरी मिळतं आणि डोळ्यांत जीव येतो. नाटकाला बाधत असेल तर तो नाही म्हणतो, आणि त्याचा शब्द शेवटचा. मला मात्र आजवर भेटलेले बहुतेक जण आनंदाने तयार झाले, कारण त्यांच्याही कामाची नोंद शेवटी या फोटोंतच राहते.

घरी आल्यावर सॉफ्टवेअरमध्ये चेहरा मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, व्हाइट बॅलन्स फक्त तेवढ्यापुरता सरकवते, आणि कॅलिब्रेशनमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन, म्हणजे निळ्या मूळ रंगाचा गडदपणा, थोडं उतरवते. सेन्सरने टिपलेल्या, पण पडद्यावर सांडू लागलेल्या निळ्या-जांभळ्यात त्याने पुन्हा छटा दिसू लागतात. छपाईला द्यायचा फोटो असेल तर आणखी एक काम उरतं. एलईडीचा गडद निळा चार शाईंच्या छपाईत बसत नाही. तो मळकट जांभळा होऊन येतो आणि सोबत चेहऱ्याची कडही ओढतो. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल त्याची पडद्यावरची झलक, लावून मी आधी मागच्या पडद्याचा निळा छपाईला झेपेल इतका खाली आणते, चेहऱ्याला हात लावत नाही, आणि मगच फाइल पाठवते.