एआयएस रिसीव्हर, जयगड: 'ओ' छापणं थांबलं

जहाजं आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सांगतात, ती यंत्रणा एआयएस. तिच्या आमच्या रिसीव्हरच्या टर्मिनलवर एकामागून एक पडणारे 'ओ' (डेटा सांडल्याची खूण) अखेर थांबले. रात्रभर रिसीव्हर चालू ठेवला, एकही दिसला नाही. अँटेना तीच (४६ सेंटिमीटर तांब्याची तार, खारी हवा अजून तरी सोसतेय), रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणकही तोच. बदललं ते फक्त जीएनयू रेडिओच्या (ब्लॉक जोडून रेडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) ब्लॉकमधून डेटा पुढे सोडण्याचं तंत्र.

नव्यांसाठी मांडणी थोडक्यात. डोंगल (यूएसबी रेडिओ रिसीव्हर) १६२.००० मेगाहर्ट्झवर, सेकंदाला १२ लाख सॅम्पल (सिग्नलची मोजमापं). एआयएसचे चॅनल १६१.९७५ आणि १६२.०२५. दोन फिल्टर, दोन्हींत २५ चं डेसिमेशन (२५ सॅम्पलमागे एकच ठेवणं), त्यामुळे हाती उरतात ४८ हजार. एआयएसच्या ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) बिटामागे बरोब्बर ५ सॅम्पल.

एआयएसमध्ये मिनिटाला २२५० स्लॉट (बोलण्याच्या पाळ्या), एकेक २६.६७ मिलिसेकंदांचा, आणि आमच्या खाडीसमोर बरेचसे रिकामेच. मग सिग्नल नसेल तेव्हा डिकोडरकडची (सिग्नलमधून संदेश वाचणाऱ्या ब्लॉककडची) वाट बंद ठेवावी, असं कोणालाही वाटेल. पण पोफळीच्या बागेत पाटाच्या एका फाट्याला माती लावली की पाणी दुसऱ्या फाट्याला वळतं, तसं जीएनयू रेडिओत होत नाही. आउटपुटचा बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) एकच, वाचणारे कितीही. सगळ्यात मागे राहिलेला वाचक सरकेपर्यंत जागा मोकळी होत नाही. एका चॅनलच्या ब्लॉकने सॅम्पल उचलणं थांबवलं की आधी त्याचा फिल्टर तुंबतो, मग सोर्स (डोंगलकडून सॅम्पल घेणारा ब्लॉक), आणि दुसरा चॅनल विनाकारण उपाशी! फाइल वाचत असतो तर ती निमूट थांबली असती. डोंगल कुणासाठी थांबत नाही. सॅम्पल सांडतात, तोच 'ओ'.

मूळ बफर ६४ किलोबाइटचा, म्हणजे ८ बाइटची साधारण ८१९२ कॉम्प्लेक्स सॅम्पल. फिल्टरनंतर ती १७० मिलिसेकंद पुरतात, सोर्सपाशी जेमतेम ७. 'मिन आउटपुट बफर' वाढवून थोडी उसंत मिळते, दुखणं जात नाही.

आताचं फाटक म्हणजे पायथनमधला सिंक ब्लॉक. आलेलं सगळं खातो, नको ते टाकून देतो. आउटपुट मल्टिपल १२८० ठेवलाय, म्हणजे ४८ हजारांवर अख्खा एक स्लॉट; त्यामुळे तुकडे त्याच्या पटीतच हाती येतात. तुकड्याची पॉवर उंबरठ्याच्या वर गेली की तो, आधीचा आणि नंतरचा असे तीन जोडून एक पीडीयू (डेटाचं एक पाकीट), मेसेज पोर्टवरून डिकोडरला. शेजारचे दोन घ्यावेच लागतात, कारण आमचे तुकडे आणि जहाजांचे स्लॉट एकाच क्षणी सुरू होतील असं कुणी ठरवलेलं नाही. मेसेजला मागे दाब नसतो, डिकोडर रेंगाळला तरी सोर्सला झळ लागत नाही. रांग मात्र वाढू शकते, तिच्यावर नजर हवी.

आणि हो, डोंगल जोडलेलं असताना थ्रॉटल ब्लॉक (सॅम्पलचा वेग रोखून धरणारा) काढून टाका. वेळ मोजायला डोंगलचं घड्याळ आहेच, दुसरं मध्ये घुसलं की भांडणं.

काल ६३६ ने सुरू होणारा एमएमएसआय (जहाजाचा नऊ आकडी रेडिओ क्रमांक) सापडला: लायबेरियाचा झेंडा, नांगर टाकून उभं. तीन मिनिटांनी एक पॅकेट, तेही दोन्ही चॅनलवर आलटून पालटून. जुन्या मांडणीत नेमकी असलीच पॅकेटं हुकायची.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की बोटी बाहेर पडतील. ज्यांच्यावर क्लास बी (छोट्या बोटींसाठीचा, कमी ताकदीचा) एआयएस संच आहे त्या चालत्या बोटी साधारण ३० सेकंदांनी बोलतात, शिवाय २ वॅटच्या आसपास. उंबरठा तेव्हा खाली आणावा लागेल, आणि रांगेची खरी परीक्षाही तेव्हाच.