अडीच फुटांची भिंत

गावचं घर पाडायचं नाही, 'थोडं वाढवायचं', असं ठरलं होतं. संडास-बाथरूम आत घ्यायचं, स्वयंपाकघरात ओटा करायचा आणि पोरंबाळं आली की निजायला एक खोली काढायची. पण वाढवायचं कुठं? बार्शी तालुक्यातलं जुनं गावठाण, घरं पाठीला पाठ लावून बसलेली. उजवीकडे भाऊबंद, डावीकडे भाऊबंद, पुढे बोळ. भाऊबंदांकडे हातभर जागा मागणं म्हणजे काय, हे ज्यांना गाव आहे त्यांना सांगायला नको.

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला, सोप्याच्या दारात भिंतीच्या जाडीला लावला आणि म्हणाले, "दादा, खोली हितंच हाय की. भितीत."

भिंत अडीच फुटांची. दोन्ही अंगांनी दगड, मध्ये चिपा आणि चिखल. अशा आतल्या दोन आणि मागची एक काढून सहा इंची ब्लॉकच्या घातल्या, तर तीन दुणे सहा फूट सुटत होते. बारा फूट लांबीची, सहा फूट रुंदीची खोली! इतकी वर्षं आम्ही ती भिंतीत चिणून ठेवली होती.

पण भिंती काढायच्या म्हणजे आधी माळवद उतरवणं आलं. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढरी माती. दर मृगाआधी नवी टोपली पडत गेली, जुनी कुणी काढली नाही. बारा बाय बाराच्या सोप्यावर दीड फूट थर भरला, म्हणजे दोन ब्रासच्या वर माती. मे महिन्यात पंख्याशिवाय झोप लागायची ती तिच्यामुळं. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून निजलेली किल्लारीकडची माणसं दगड-मातीच्या भिंतींबरोबर जिच्याखाली गेली, तीही अशीच माती. आमचं गाव तिथून लांब, नुसतं हादरलं. तरी त्यानंतर आप्पा कित्येक महिने बोळातच बाज टाकून निजायचे. माळवद उतरताना मला वाईट वाटलं, हे खरं. आईला अजिबात वाटलं नाही, हेही खरं. माती शेजारच्या चुलत्यांनी दोन ट्रॉल्या करून रानात नेली. पांढरीची माती काळीला मानवते म्हणतात. बांधावरून बोलत नाहीत, माती मात्र मागून नेली.

मागच्या भिंतीत बळद निघालं. म्हणजे ते तिथं होतं हे ठाऊक होतंच, पण आतून कधी पाहिलं नव्हतं. माणूस उभा राहील एवढं, शेणामातीनं सारवलेलं, कोपऱ्यात कुठंही सांध नाही. वरून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून हवी तेवढी काढायची. त्या भोकात चिंधीचा बोळा अजून ठासलेला होता. आईनं तो उलगडला, धूळ झटकली. "हा तर सासूबाईंच्या इरकलीचा काठ," म्हणाली आणि पदराला बांधून टाकला.

भिंतीबरोबर देवळ्या गेल्या, खुंट्या गेल्या. सहा इंचांत देवळी कोरायची तर ती शेजाऱ्याच्या खोलीत उघडायची. गोधड्या, कुरडयांचे डबे, समया, पंचांग, सगळं पलंगावर येऊन बसलं आणि नव्या खोलीत माणसाला जागा उरली नाही. मग बार्शीहून फर्निचरवाला पोरगा बोलावला. त्यानं मोबाइलवर चित्रं दाखवली. आईनं चित्रं बघितली नाहीत.

"कपाट खोल किती?"

"दोन फूट, काकू. हँगर बसाय पायजे."

"आणि भिंतीला लावायचं?"

"तिन्ही भिंतींना. वरपर्यंत."

आई मिस्त्रींकडं वळली. "ही भिंत सहा इंच. कपाट दोन फूट. किती झालं?"

मिस्त्रींनी काढलेला टेप खिशात घातला आणि चहा पिऊन येतो म्हणून बाहेर गेले.

"बरं," आई पोराला म्हणाली, "एका कपाटाला खाली भोक ठेव. ज्वारी काढायला." आणि पदराची गाठ सोडायला लागली.