नॉवू: नावं बदलत राहिलेलं नदीकाठचं गाव

इलिनॉय राज्यात मिसिसिपीच्या एका मोठ्या वळणावर नॉवू वसलंय. 2020 च्या जनगणनेत इथली वस्ती हजाराच्याही आत भरली. आपल्याकडे एवढ्या माणसांची एक वाडी असते. इथे कागदोपत्री ही 'सिटी' आहे, महापौर आणि नगरपरिषदेसकट. अशी नाममात्र शहरं अमेरिकेत पुष्कळ आहेत. नॉवू मात्र एकेकाळी खरोखरच शहर होतं, आणि तेच त्याला भोवलं.

मुळात ही वस्ती साउक आणि मेस्क्वाकी या मूळ अमेरिकी जमातींची. क्वाश्क्वामे हा त्यांचा एक प्रमुख, आणि गावही त्याच्याच नावाने ओळखलं जाई. 1804 च्या ज्या कराराने या लोकांची नदीच्या पूर्वेकडची जमीन गेली, त्यावर सही करणाऱ्यांत तोही होता. मग गोरे आले. 1830 मध्ये टपाल कचेरी उघडली, तिचं नाव व्हीनस! चारच वर्षांत ते पुसून कॉमर्स आलं. हे नाव पक्कं हिशेबी होतं. इथून खाली कीओकक गावापर्यंत नदीचं पात्र खडकाळ आणि उथळ, त्याला डी मॉइन रॅपिड्स म्हणत. पाणी उतरलं की आगबोटींना माल काढून लहान होड्यांत भरावा लागे. माल उतरतो तिथे पेठ वाढणारच, असा जमिनी घेणाऱ्यांचा होरा. 1837 च्या मंदीने तो पार धुऊन नेला.

त्यामुळे 1839 मध्ये मॉर्मन या नव्या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचे अनुयायी आले, तेव्हा जमीन उधारीवर मिळाली. मिसुरीतून त्यांना हाकलून दिलं होतं. तिथल्या गव्हर्नरने तर 'राज्याबाहेर घालवा किंवा संपवा' असा लेखी हुकूमच काढला होता. नदीकाठची दलदल हिवतापाचं माहेरघर. चर खणून ती कोरडी केली, आणि 1840 मध्ये गावाला नॉवू हे नाव दिलं. स्मिथ काही वर्षांपूर्वी हिब्रू शिकला होता. बायबलच्या यशया ग्रंथातल्या 'सुंदर' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव घेतलंय. डासांनी भरलेल्या पाणथळीला असं नाव द्यायला छाती लागते.

त्याच वर्षी डिसेंबरात राज्याने नगरपालिकेची सनद दिली. अब्राहम लिंकन तेव्हा राज्याच्या विधिमंडळात होता. सनद कमालीची सढळ होती: स्वतःचं न्यायालय, विद्यापीठ, शिवाय 'नॉवू लीजन' नावाची फौज. पाचेक वर्षांत वस्ती दहा हजारांच्या पुढे गेली, म्हणजे तेव्हाच्या शिकागोच्या तोडीची. शेजारच्या गावांना धडकी भरली नसती तरच नवल. स्मिथ स्वतः महापौर, सेनापती आणि धर्मगुरू. 1844 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवारही! त्या जूनमध्ये त्याच्यावर टीका करणारं वृत्तपत्र नगरपरिषदेने 'उपद्रव' ठरवलं आणि छापखाना मोडायला लावला. माझ्या मते शहर तिथेच बुडालं. स्मिथला अटक झाली, आणि 27 जूनला जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने त्याला गोळ्या घातल्या. जानेवारी 1845 मध्ये सनद रद्द झाली. मग काही काळ लोक गावाला 'सिटी ऑफ जोसेफ' म्हणत, पण ते टिकलं नाही. फेब्रुवारी 1846 पासून मॉर्मन नदी ओलांडून पश्चिमेला निघाले.

रिकाम्या घरांत 1849 मध्ये फ्रेंच आले. एत्येन काबे हा त्यांचा पुढारी. सारी मालमत्ता सामाईक ठेवणारे हे लोक स्वतःला इकेरियन म्हणवत. त्यांनी गावाचं नाव मात्र बदललं नाही. 1856 मध्ये त्यांच्यात फूट पडली आणि काबेलाच बाहेर पडावं लागलं.

1913 मध्ये कीओककला धरण झालं आणि ज्यांच्या भरवशावर 'कॉमर्स' हे नाव ठेवलं होतं, ते रॅपिड्सच पाण्याखाली गेले. आज गाव चालतं ते मुख्यतः मॉर्मन यात्रेकरूंवर. 2002 मध्ये त्यांचं जुनं मंदिरही टेकडीवर पुन्हा उभं राहिलं. मॉर्मनांना मद्य वर्ज्य. गंमत अशी, की 1857 मध्ये एका इकेरियनाने सुरू केलेली वाइनरी, इलिनॉयमधली सर्वांत जुनी, याच गावातली.