पायाखालचा ओक

ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनाव आठवतं, झाड नंतर. लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीच्या कॅटलॉगात मात्र पानोपानी ओकच. ग्रे ओक, हनी ओक, रस्टिक ओक, मधूनच एखादा वॉलनट. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे खांब, तुळया, कड्या ज्या सागवानाच्या, तो साग शेवटच्या पानावर मिळाला तर मिळाला. त्या वाड्यांतही लाकूड असायचं ते डोक्यावर. तळमजल्याला सारवलेली जमीन, पुढे शहाबादी फरशी. त्यामुळे लाकडी जमीन चांगली कशी ओळखायची, हे आपल्याला कोणी घरात शिकवलेलं नसतं. दुकानातल्या पांढऱ्या झगझगीत उजेडात मग सगळेच ओक देखणे दिसतात.

आधी एक गोष्ट उरकून टाकू. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो, आणि आपल्याकडे सणावाराला फरशी बादलीने धुतात. सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि फुगलेली कड परत बसत नाही. एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पट्ट्यांना पाण्याचं भय नाही, पण खालची जमीन २ मीटरमध्ये ३ मिलिमीटरहून जास्त वरखाली असेल तर त्यांचं क्लिक-लॉक, म्हणजे एकमेकींत अडकणारी खाच, चालताना कुरकुरतं आणि पुढे तुटतं. म्हणून बहुतेक घरांची गाडी शेवटी गुजरातेतल्या मोरबीहून येणाऱ्या व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेल्या टाइलच्या पट्टीवर येऊन थांबते. माप २०० बाय १२०० मिलिमीटर, म्हणजे ८ इंच बाय ४ फुटांना जरासं कमी.

ही पट्टी म्हणजे लाकडाचा छापील फोटो. तिचं खोटेपण रंगात कमी आणि पुनरावृत्तीत जास्त उघडं पडतं. एकच गाठ दर तिसऱ्या पट्टीवर डोळा मारायला लागली की संपलं. दुकानात म्हणून पहिला प्रश्न भावाचा नको, ‘यात फेस किती?’ हा हवा. एका डिझाइनचे चारच वेगळे छाप असतील तर हॉलमध्ये ते लगेच कळतात, आठ असतील तर बरं. छाप कमी असतील तर गाठी नसलेलं, सरळ रेषांचं डिझाइन घ्यावं. मोठी गाठ नमुन्यात फार गोड दिसते, पण घरात तिची जत्रा भरते.

रंग ठरवायचा तो दाराकडे बघून. पॉलिश केलेल्या सागवानी चौकटीत तांबूस-पिवळी झाक असते. तिच्या पायाशी निळसर राखाडी ओक आला की दोघंही आजारी दिसतात. तसंच वेंगेसारखा काळपट रंग. पावसाळ्यात चपलेबरोबर आलेली काळी माती वाळून फिकट होते, आणि गडद फरशीवर प्रत्येक पाऊल मोजता येतं. मधला, मातकट तपकिरी रंग निमूटपणे सगळं सोसतो. नमुना घरी आणावा आणि भिंतीला टेकवून न बघता जमिनीवर आडवा टाकावा. सकाळी एकदा, रात्री दिवे लावून एकदा. खोल रेषा कोरलेलं फिनिश हाताला छान लागतं, पण त्या रेषांतली धूळ पोछ्याला दाद देत नाही.

आता मांडणी. खरी भांडणं इथेच होतात. विटेसारखा अर्धा-अर्धा सांधा सगळ्यांनाच सुचतो आणि लांब पट्टीला तोच घातक. भट्टीतून निघालेली १२०० ची पट्टी मध्यावर किंचित फुगीर असते. दोन पट्ट्या तोंडाला तोंड लावून धरा, टोकांशी फट दिसेल. अर्ध्या सांध्यात एकीचं टोक, म्हणजे सगळ्यात खालचा भाग, शेजारणीच्या मध्याला, म्हणजे सगळ्यात उंच भागाला भिडतं. तिथे कड वर राहते आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाची करंगळी ती कड बरोबर शोधते. म्हणून शेजारच्या ओळींतल्या सांध्यांची सरक पट्टीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, म्हणजे ४०० मिलिमीटरच्या आत. पण दर ओळीला नेमकी ४०० च ठेवली तर जमिनीवर जिना उमटतो. २०० ते ४०० च्या दरम्यान, कधी या टोकाला, कधी त्या, असं विस्कळीत लावलं की फळ्या टाकल्यासारखं वाटतं. मिस्त्रीला हा विस्कळीतपणा मानवत नाही. त्याचा हात आपोआप रांगेकडे वळतो. चार बॉक्स एकदम फोडून, पट्ट्या मिसळून, आधी सुक्या मांडून घ्याव्यात.

हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी मांडणी, मोहात पाडते. पण १० बाय १२ च्या खोलीत चार फुटी पट्टीचा काटा पुरता वळायच्या आत भिंत येते. त्याला १५० बाय ६०० सारखी आखूड पट्टी हवी, खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात हवेत आणि मधोमध आखलेल्या रेषेपासून सुरुवात हवी. मग कडेचा जवळजवळ प्रत्येक तुकडा तिरका कापावा लागतो. मजुरी आणि तूट दोन्ही वाढतात.

‘पेपर जॉइंट’चा, म्हणजे सांध्यात फटच न ठेवण्याचा हट्टही सोडावा. पट्ट्या एकमेकींना भिडवून बसवल्या की उन्हाळ्यात प्रसरणाला जागा उरत नाही आणि एखादी रांग तंबूसारखी उठते. फट राखायला २ मिलिमीटरचा स्पेसर, कडा एका पातळीत धरायला लेव्हलिंगच्या क्लिपा आणि सांध्यात भरायला पट्टीवरच्या रेघांमधल्या गडद छटेचं ग्राउट घ्यावं. हस्तिदंती ग्राउट भरलं की फळ्या जाऊन शिडी दिसते. व्हिट्रिफाइड पाणी जवळपास पीतच नाही, त्यामुळे नुसती सिमेंटची स्लरी तिला नीट धरत नाही. खाचांच्या थापीने ॲडहेसिव्ह जमिनीवर आणि थोडं पट्टीच्या पाठीवरही लावावं. दुसऱ्या दिवशी नाण्याने टोकून बघावं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द वाजली तर तिथे पोकळी आहे, आणि ती ग्राउट भरायच्या आधीच उपटलेली बरी.

हिशोब असा: १० बाय १२ च्या खोलीला ४७ पट्ट्या, १० टक्के तूट धरून ५२. भिंतीच्या पायाशी लावायच्या चार इंची स्कर्टिंगसाठी पट्टी उभी चिरून दोन करायची, दार वगळून आणखी ६. एकूण ५८. पाचाचा बॉक्स असेल तर १२ बॉक्स, सगळ्यांवर बॅच नंबर आणि शेड एकच. तेरावा बॉक्स घ्यायला दुकानदार सुचवतो तेव्हा तो माल खपवतोय असं वाटतं. पण चार वर्षांनी गॅसचं सिलिंडर पडून एक पट्टी फुटते तेव्हा ते डिझाइन बंद झालेलं असतं. तेरावा घ्यावा आणि माळ्यावर टाकावा.

बाकी डिसेंबरात पारा १० अंशांखाली उतरला की सकाळी या ओकवर पाय ठेवून बघा. डोळे फसतात, तळवे फसत नाहीत. पलंगापाशी सतरंजी लागतेच.