थ्रिलरमधला प्रिंटर

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी गंभीर पुस्तक वाचता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. पारा 45 वर, खिडकीत कूलरची घरघर, खोलीभर ओल्या वाळ्याचा वास. अशात तत्त्वज्ञान उघडलं की दुसऱ्या पानावर डोळा लागलाच. या हवेला हवा हॅकर, हेर आणि पानागणिक बदलणारे देश. प्रकरण जेमतेम चार पानांचं, सुरुवातीला ठळक अक्षरांत 'जिनिव्हा, पहाटे 3.40' आणि शेवटी कुणाच्या तरी मानेला टेकलेलं पिस्तूल. झोपायची सोयच नाही.

मला खटकतं एवढंच, की या कादंबऱ्यांत प्रत्येक यंत्र चालतं. नायक दोन मिनिटं कीबोर्ड बडवतो आणि निम्मा युरोप अंधारात. माझी उभी हयात बँकेत गेली. प्रिंटर रुसला की आम्ही आधी कागद बघायचो, मग रिबन, मग वरून एक थापटी. यामागे आंतरराष्ट्रीय कट असेल, हे कुणाच्या बापाच्या डोक्यात आलं नसतं.

ढाक्यातही ते आलं नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत 'स्विफ्ट'चे, म्हणजे देशोदेशीच्या बँका ज्यावरून पैसे पाठवायचे आदेश देतात त्या जाळ्याचे, संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडलेला आढळला. शुक्रवार होता, म्हणजे तिथल्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस. सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच दुखणं. प्रिंटर सुरू झाला तेव्हा त्यातून न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या शंका बाहेर पडू लागल्या: तुमच्या खात्यातून पैसे पाठवायचे हे आदेश खरंच तुमचेच ना? ते होते चोरांचे. पण तोवर न्यूयॉर्कला शनिवार-रविवार लागला होता, आणि सोमवारी मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. चोरांचा डोळा सुमारे 95 कोटी डॉलरवर होता. 8 कोटी 10 लाख मनिलाच्या खात्यांत पोचले आणि त्यांतले बरेचसे तिथल्या कॅसिनोंत जिरले. पुढे अमेरिकेने बोट दाखवलं ते उत्तर कोरियाच्या हॅकरांकडे. असतीलही. मला मात्र त्यांच्या संगणकज्ञानापेक्षा सुट्ट्यांचा अभ्यास थोर वाटतो. तीन देशांच्या सुट्ट्या इतक्या चोख जुळवणारा माणूस आमच्या शाखेत असता, तर रजेच्या अर्जांवरून होणारी भांडणं तरी मिटली असती.

दुसरी हकिकत जून 2017 ची. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' नावाचा संगणक निकामी करणारा व्हायरस सुटला आणि जगभर पसरला. मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक धडाधड काळे पडले. मुंबईजवळच्या आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कंपनीचं सगळं नेटवर्क पुन्हा उभं करायला एक विशिष्ट सर्व्हर लागत होता आणि त्याच्या जगभरच्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. वाचली ती एकच, आफ्रिकेतल्या घानाची. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, त्यामुळे ती नेटवर्कपासून तुटलेली होती.

पुढची गंमत तर कुठल्याही संपादकाने कापली असती. ती माहिती इंग्लंडला न्यायची, पण घानाच्या कार्यालयात ब्रिटनचा व्हिसा कुणाकडेच नाही. शेवटी एक कर्मचारी ती घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती सोपवली, आणि तो लंडनला पोचला.

हे मी घरात वाचून दाखवलं. बायको कूलरमध्ये पाणी भरत होती. म्हणाली, "लाईन गेली म्हणून वाचले? मग आपल्या नागपूरले कोणी हातच लावू शकत नाही, बाप्पा."

हातातल्या कादंबरीचा नायक सध्या झुरिकहून मॉस्कोला निघालाय, तिथून त्याच रात्री मकावला. व्हिसा कुणी विचारला नाही, लॅपटॉपचं चार्जिंग संपत नाही, आणि परक्या बँकेतून कोट्यवधी काढताना त्याला एकदाही ओटीपी लागलेला नाही. पुढचं पान उलटतोय, कारण गच्चीवर कुणीतरी दबा धरून बसलंय.