खारपाणपट्ट्यातला समुद्र

समुद्रावर केलेलं शांत वाद्यसंगीत मी भरपूर ऐकतो, आणि त्यातल्या बहुतेक ट्रॅकमध्ये मला एकच गोष्ट खटकते. लाट येते ती ऐकू येते, परत जाते ती ऐकू येत नाही. वीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग घेऊन तेच पुन्हा पुन्हा जोडलेलं असतं, वर पियानो वाजत असतो, आणि आधीची लाट वाळूतून मागे सरायच्या आत पुढची येऊन आदळते. माणसाचं अंग सैल पडतं ते लाट मागे सरताना. तिचा आवाज बारीक होत होत वाळूत मुरतो आणि पुढची यायला अजून अवकाश असतो. तो अवकाश ज्या ट्रॅकमध्ये नाही त्यात समुद्र नाही, असं माझं स्वच्छ मत आहे. मी जे काही रचतो आणि मिक्स करतो ते त्या अवकाशासाठी.

मी अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातला. लग्नसराईत आणि नवरात्रात साऊंडचं काम, बाकीच्या दिवसांत घरची शेती. १८ इंची बासच्या पेट्या, टॉप, अॅम्प्लिफायर, मोठा मिक्सर हे माझं रोजचं. मृग लागला, लग्नं थांबली, की पेट्या ताडपत्रीखाली जातात आणि मागच्या खोलीत लॅपटॉप, हेडफोन आणि बासरी निघते.

गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमीन काळी आणि खोल, पाणी खारं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीनच खराब होते. म्हणून ओलीत जवळजवळ नाहीच. पावसाच्या भरवशावर कपाशी आणि तूर, मागे राहिलेल्या ओलीवर हरभरा नाहीतर ज्वारी. मामा मला म्हणतात, "वावरात बसून समुद्र कायचा करून राह्यला बाप्पा?" मुंबई इथून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर, हे खरंच आहे. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना आमची पूर्णा पश्चिमेला जाते. चांगदेवला ती तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. मामांना मी एवढंच सांगतो, की आपल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाहून गेलेलं पाणी शेवटी तिथेच पोचते.

समुद्र मी नीट ऐकला तो चुलतभावामुळे. आमच्याकडची बरीच मुलं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक होऊन रत्नागिरी जिल्ह्यात गेली, त्यातला दादा एक. गुहागर तालुक्यात त्याची शाळा होती. गुहागरची पुळण लांब आणि सरळ, मागे सुरूची झाडं. रात्री गावातले आवाज बंद झाले की मी रेकॉर्डर घेऊन सुरूच्या कडेला बसायचो आणि घड्याळावर लाटा मोजायचो. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा गर्दी करून येतात, चार-पाच, फार तर सात सेकंदांनी. दिवाळीनंतर वारा पडला, की दूर दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात, आणि त्यांच्यात बारा-चौदा सेकंदांचं अंतर असतं. मला हव्या होत्या त्या या. शिवाय त्या सारख्या येत नाहीत. वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळल्या की काही मोठ्या होतात, मग थोडा वेळ समुद्र अगदी मऊ पडतो, मग पुन्हा मोठ्यांची रांग लागते. सातवी लाट मोठी असते असं लोक म्हणतात. आकडा काही पक्का नसतो, पण रांगा खऱ्या असतात.

माझी लय त्यातून ठरली. मिनिटाला ४८ मात्रा धरल्या तर एक मात्रा सव्वा सेकंदाची होते आणि आठ मात्रांचं आवर्तन बरोबर दहा सेकंदांचं. मिनिटाला सहा श्वास इतक्या सावकाश श्वास घेतला तर तोही दहा सेकंदांचाच. हे आवर्तन मी मनात धरतो, ठेक्यात आणत नाही. लाटा तर ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या समान अंतराच्या रेघांवर, कधीच ठेवत नाही. एक नऊ सेकंदांनी, पुढची साडेअकरांनी, मग एखादी अशी की आता येईल वाटतं आणि ती रेंगाळते. सॉफ्टवेअरमध्ये एलएफओ लावला की फिल्टर ठरावीक वेळाने आपोआप उघडतो आणि मिटतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण कान ते चौथ्या-पाचव्या लाटेला ओळखतो आणि वाट पाहायला लागतो, आणि वाट पाहणाऱ्या माणसाला झोप येत नाही. म्हणून प्रत्येक लाटेचा चढ-उतार मी रीपर या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढतो. बारा मिनिटांच्या ट्रॅकला त्यात अख्खी रात्र जाते, आणि ती रात्र मला मनापासून आवडते.

गाज मुळात कशाची असते हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. लाट फुटताना पाण्यात हवा कोंडली जाते, तिचे असंख्य बुडबुडे होतात, आणि तयार होताना प्रत्येक बुडबुडा थरथरून आपला एक सूर देतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो, एक सेंटिमीटर त्रिज्येचा साधारण ३३० ला. बारीक बुडबुड्यांची सळसळ, मोठ्यांची गुरगुर. माझी बासरी सफेद तीनची, म्हणजे तिचा षड्ज ३३० हर्ट्झच्याच जागेवर. तेव्हापासून समुद्राच्या प्रत्येक ट्रॅकला मी तोच षड्ज ठेवतो. लाटेच्या पोटात आपला सा आधीपासून आहे, हे बासरी ओठाला लावताना मला दरवेळी आठवतं.

गुहागरची रेकॉर्डिंग मी तुलनेसाठी जपून ठेवली आहेत. ट्रॅकमध्ये वापरतो ते इथलेच आवाज, आणि हट्टाने वापरतो. ऐकणारा माणूस इथला आहे, तुरीचा आवाज त्याच्या कानात लहानपणापासून आहे.

सगळ्यात चांगली लाट सुपातून निघते. सूप जुनं आणि सारवलेलं हवं. नव्या कोऱ्या सुपात दाणे कडकड वाजतात. त्यात दोन मुठी तूर घ्यायची आणि पाखडायचं नाही, नुसतं सूप एका बाजूला कलवत न्यायचं. आधी एक-दोन दाणे घरंगळतात, मग सगळे सुटतात, आणि काठाशी जाऊन थांबताना हुबेहूब परत जाणाऱ्या पाण्याचा आवाज करतात. तुरीचा आवाज जाड, ज्वारीचा मधला, तिळाचा फेसाइतका बारीक. तिन्ही वेगवेगळे रेकॉर्ड करून एकावर एक ठेवले की लाटेला अंग येतं. हे काम माय करते. जन्मभर पाखडलेल्या हाताला सूप किती कललं की किती दाणे सुटतील हे न बघता कळतं. माईकपासून हातभर लांब बसून ती इतकं सावकाश कलवते, की दाण्यांची धार दहा सेकंद टिकते. मध्येच विचारते, "आनखी हयू करू का?" मी नुसती मान हलवतो. तिचा तो प्रश्न काही रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि मी तो पुसलेला नाही, फक्त ट्रॅकमध्ये घेत नाही.

दुसरा थर ज्वारीचा. माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी वाळत आली की पानं कडक होतात आणि पहाटेच्या वाऱ्यात अख्खं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत जातं. धुऱ्यावर दोन माईक थोड्या अंतराने लावायचे, दोन्हींना फरची टोपी घालायची. झुळूक डावीकडून उजवीकडे निघून गेलेली स्टिरिओत लख्ख ऐकू येते. हे रेकॉर्डिंग मी ९६ किलोहर्ट्झवर करतो, कारण पुढे ते निम्म्या वेगाने चालवायचं असतं. पाच सेकंदांची झुळूक दहा सेकंदांची होते, आवाज एक सप्तक खाली उतरतो, आणि वरची सळसळ तरीही शिल्लक राहते. ऐकणाऱ्याला ज्वारी ओळखू येत नाही.

खाऱ्या पाण्याचा इथे एक फायदा होतो, जो कुणी मोजत नाही. ओलीत नाही म्हणून पाणी उपसायच्या मोटारी नाहीत. अकोटच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी गोडं पाणी आणि संत्र्याच्या बागा आहेत. तिकडे शेतीची वीज रात्रपाळीला असली की वावरावावरांतून मोटारींची घरघर चालते. आमच्याकडे पहाटे चारला टिटवी सोडली तर काही नसतं. असा शांत स्टुडिओ पैसे देऊन मिळणार नाही.

तिसरा थर शेततळ्याचा, तो थोडाच लागतो. पिझोची चकती, म्हणजे कंपनं पकडणारा छोटा सपाट माईक, वायर जोडून फुग्यात घट्ट बांधली आणि पाण्यात सोडली, की वर पडणारा पाऊस खालून ऐकता येतो. लॅपटॉप या सगळ्या वेळी बॅटरीवर ठेवतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की विजेचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे गुणगुण, वायरीतून आत शिरतो, आणि बारीक आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये तो सगळ्यात आधी ऐकू येतो.

सुरांच्या बाबतीत मी कडक आहे. भूप नाहीतर दुर्गा. भूपात सा रे ग प ध, दुर्गात सा रे म प ध. दोन्हींत कुठलेही दोन स्वर अर्ध्या सुराच्या अंतरावर येत नाहीत. रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागे रेंगाळणारी घुमण, सात-आठ सेकंदांचा ठेवला की आधीचा स्वर हवेत असतानाच पुढचा येतो, आणि तिथे शुद्ध नी आणि सा एकमेकांवर पडले की घासतात. हंसध्वनी मला अतिशय प्रिय आहे, पण या कामात घेत नाही. मारव्याचा तर प्रश्नच नाही. तो षड्जाला टाळत राहतो आणि त्याची हुरहूर माणसाला उठवून बसवते.

बासरी कधी वाजवायची हीच माझ्या मते सगळी रचना आहे. लाट फुटत असताना बासरी गप्प. ती मागे सरायला लागली की स्वर हलकेच त्यात शिरतो, एक मींड घेतो आणि पुढची लाट यायच्या आधी संपतो. फुंकरीचा आवाज मी काढून टाकत नाही. तो तिळाच्या सळसळीत इतका मिसळतो, की दाणे कुठे संपले आणि श्वास कुठे सुरू झाला ते कळत नाही. खाली तानपुरा, जव्हारी म्हणजे तारेचा झंकार कमी केलेली, जेमतेम जाणवेल एवढा.

मिक्सिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ लाटेला जागा करून देण्यात जातो. लाटेचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळी जागा व्यापतो, आणि आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सगळ्यात तिखट असतो. म्हणून लाटेला ३ किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल रुंद कट देतो. बासरी वाजते तेव्हा साइडचेनने, म्हणजे एका आवाजाने दुसरा आपोआप दबेल अशा जोडणीने, लाट आणखी दोन डेसिबल खाली जाते, कुणाच्या लक्षात न येता. रिव्हर्बच्या वाटेवर २५० हर्ट्झच्या खालचं आणि ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापतो. खालचं राहिलं तर तानपुऱ्याशी मिळून चिखल होतो, वरचं राहिलं तर दूरचा आवाज जवळ येऊन बसतो. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज.

आणि मग फोन. माय रात्री अंगणात बाजेवर पडते, कापूस वेचून कंबर धरलेली असते, फोन उशाशी ठेवून ऐकते. गावात बहुतेक जण असंच ऐकतात, हेडफोन कुणी लावत नाही. फोनचा इवलासा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही, म्हणजे लाटेचं पोटच जातं आणि राहते फक्त वरची फुसफुस. त्यासाठी खालच्या थराला हलकं सॅच्युरेशन देतो, म्हणजे आवाज किंचित बिघडवतो. ६० हर्ट्झच्या आवाजाला त्यामुळे १२०, १८०, २४०, ३०० असे वरचे हार्मोनिक मिळतात. स्पीकर त्यातले वरचे वाजवतो, आणि खालचा न वाजलेला सूर कान स्वतः भरून काढतो. बासच्या पेट्यांत वाढलेल्या मला ही युक्ती चमत्कारासारखी वाटते. शेवटचा निर्णय मी हेडफोनवर घेत नाही. मायच्या फोनवर, अंगणात, तिच्या शेजारी बसून घेतो.

आवाजाची पातळी −१८ लफ्स (कानाला आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप), ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, −२. यूट्यूब −१४ च्या वरचा ट्रॅक खाली आणतं, हळू ट्रॅक मात्र वर चढवत नाही, त्यामुळे माझा ट्रॅक जसा पाठवला तसा हळूच राहतो. जाहिरातीनंतर तो फारच बारीक वाटतो अशी तक्रार येते. तरी मी वाढवणार नाही. वाढवायचा तर लिमिटर, म्हणजे आवाजाची उंच टोकं रोखणारं साधन, लाटेला दाबणार, आणि दाबलेल्या लाटेत फुटणं आणि ओसरणं एकाच उंचीवर येतं.

यंदा काळजी ज्वारीची आहे. पट्ट्यात ज्वारी पेरणारे कमी होत चाललेत, जो तो हरभऱ्याकडे वळला. वाळलेला हरभरा वाऱ्यात वाजतो, पण खुळखुळ करतो, त्याची लाट होत नाही. मामांच्या नदीकाठच्या वावरात वारा चांगला लागतो, म्हणून त्यांना म्हटलं, चार तास, म्हणजे ओळी, ज्वारीचे धरा, बियाणं मी आणतो. मामांनी थोडा विचार केला. "धरतो. पण पाखरं तूच हाकलजो, अन् डुकरासाठी जागलीले बी तूच जाजो." मी हो म्हणालो आहे. जागलीला जायचंच आहे तर रेकॉर्डरच्या जास्तीच्या बॅटऱ्या आणि मचाणावर माईक बांधायला एक लांब बांबू, एवढी तयारी दसऱ्याच्या आधी करून ठेवायची आहे.